हानेकेने दुसऱ्यांदा विचारलं नाही

भार्गवी "नको" म्हणाली आणि मी हातातलं चीजचं सँडविच तसंच खाली ठेवलं. त्या खोलीत हा नकार खरा नाही हे कळणारी मी एकटीच होते, आणि नेमका मलाच तिथे बोलायचा काही अधिकार नव्हता.

नीट सांगते. मी सुचित्रा. नेदरलँड्समधल्या युट्रेख्टच्या एका भूशास्त्राच्या संस्थेत मोहिमांचं नियोजन करते. दगडांमधलं मला फारसं कळत नाही, पण दगड आणायला गेलेली माणसं धडधाकट परत कशी आणायची ते कळतं. कोण कुठल्या विमानाने जाणार, तंबू किती, इंधन किती, कोणाच्या बुटांचं माप काय, हे सगळं माझ्याकडे. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात, म्हणजे तिकडचा उन्हाळा सुरू होताना, आमची एक तुकडी पूर्व अंटार्क्टिकात जायची आहे. किनाऱ्यावर नाही, आत, खूप आत. तिथे डोंगरांची एक रांग आहे. डोंगर म्हणजे काय, तर बर्फाच्या जाड थरातून नुसते माथे वर आलेले. त्यातल्या बऱ्याच माथ्यांवर अजून माणसाचं पाऊल पडलेलं नाही. तिथवर जाणारं विमान चिमुकलं, त्यामुळे डोंगरातल्या तळावर माणसं तीनच. एक नॉर्वेचा वाटाड्या, जो दोर आणि बर्फातल्या भेगा सांभाळतो, आणि दोन भूशास्त्रज्ञ.

त्यातली एक जागा हानेकेची, हे गृहीतच होतं. हानेके आमची प्रोफेसर आणि मोहिमेची प्रमुख. साठी ओलांडलेली, ताडमाड उंच बाई, मनात येईल ते तोंडावर बोलणारी. ही तिची शेवटची मोहीम, मग निवृत्ती. मागच्या वर्षी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून ती जिन्याच्या कठड्याला धरून एकेक पायरी चढते. सगळे बघतात, पण ती विषय काढत नाही म्हणून कोणीच काढत नाही.

प्रश्न होता दुसऱ्या जागेचा. वाउटर किंवा भार्गवी. वाउटर इथलाच, चांगला मुलगा, दोनदा ग्रीनलंडला जाऊन आलेला. भार्गवी कऱ्हाडची. आंध्र-ओडिशाकडच्या पूर्व घाटात चार उन्हाळे दगड फोडून तिने पीएचडी केली आणि मग इथे संशोधनाला आली. खरं म्हणजे ही मोहीम तिच्याच डोक्यातून निघालेली. कोट्यवधी वर्षांपूर्वी भारत आणि अंटार्क्टिका एकमेकांना चिकटलेले होते. तेव्हा उभा राहिलेला एकच डोंगर पुढे फुटला, अर्धा आपल्याकडे आला आणि अर्धा तिकडे बर्फात राहिला, असं तिचं म्हणणं. तिकडचा अर्धा हाताने तपासायचा, एवढ्यासाठी ही मुलगी दोन वर्षं झुरत होती.

तर त्या मंगळवारी मीटिंगमध्ये हानेकेने तिला सरळ विचारलं, तुला जायचंय का. आणि आमची भार्गवी मान तिरकी करून, गोड हसून म्हणाली, "नको नको, वाउटरला जाऊ दे. तो सीनियर आहे. मी इथून मदत करीन ना."

आता आपल्यातलं शेंबडं पोरही सांगेल, की यावर समोरच्याने म्हणायचं असतं, "अगं असं कसं? कल्पना तुझी आणि जाणार दुसरा?" मग हिने पुन्हा एकदा नको म्हणायचं, मग आणखी कोणीतरी आग्रह करायचा, आणि मग हिने लाजत, "बरं, तुम्ही एवढं म्हणताय तर" म्हणून हो म्हणायचं. लग्नाच्या पंगतीत जिलबीसुद्धा आपण अशीच खातो. हानेके म्हणाली, "ओके, स्पष्ट आहे," आणि तिने वाउटरचं नाव लिहून टाकलं. पुढचा विषय होता डोंगरातल्या तळावर संडासाची सोय.

भार्गवीचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, पुसायचं विसरल्यासारखं. वाउटर खुशीत होता, आणि त्याचं काय चुकलं? त्याला वाटलं, ही जात नाही.

मीटिंग संपल्यावर मी तिला सायकल स्टँडपाशी गाठलं. ती कुलपाशी नुसतीच खटपट करत होती. मी विचारलं, तुझं डोकं ठिकाणावर आहे का? तर म्हणे, "मला वाटलं त्या परत विचारतील." बाई गं, मी म्हटलं, ही माणसं परत विचारत नाहीत. तू नको म्हणालीस की त्यांच्या लेखी नको. पुन्हा विचारणं म्हणजे तुझ्या शब्दाचा अपमान, असं त्यांना वाटतं. तुझा मान राखायला हानेके गप्प बसली आणि तू इथे रडतेयस. माझा आवाज चढला होता. शेजारी सायकल काढणारा एक पोरगा दचकून लांब सरकला.

मी तिला सांगितलं, की शुक्रवारी शेवटची मीटिंग आहे. त्यानंतर नावं विमानवाल्यांकडे जातात, डॉक्टरी तपासण्या सुरू होतात, मग बदल नाही. आत्ताच्या आत्ता जा आणि सांग. पण बाईसाहेबांना ते जमेना. वाउटरच्या ताटातलं ओढून घेतल्यासारखं होईल म्हणे. मग तिने माझा हात धरला. "सुचित्राताई, तुम्हीच एक शब्द टाका ना."

आणि मी टाकला. बावीस वर्षं या देशात काढली, दुसऱ्यांना शहाणपण शिकवते, पण कोणी "शब्द टाका" म्हटलं की माझ्यातली पुणेकरीण पदर खोचून उभी राहते. दुपारी हानेकेच्या खोलीत गेले. आधी हवेबद्दल बोलले, मग बुटांबद्दल, आणि मग म्हटलं, मला आपलं वाटतं हं, भार्गवीला कदाचित जायला आवडेल. ताकाला जाऊन भांडं लपवावं, तसं सगळं.

हानेकेने पेन खाली ठेवलं आणि विचारलं, हे मला सांगायला तिने तुला पाठवलं का? मी हो म्हटलं. "मग मी ते ऐकलेलं नाही," ती म्हणाली. तिचं बोलणं चिडकं नव्हतं, त्यामुळे जास्तच लागलं. ती म्हणाली, "तिथे वर तीन माणसं आणि बर्फ. बोटं बधिर होत असताना जो 'नाही, मी ठीक आहे' म्हणतो, तो स्वतः मरतो आणि इतरांनाही मारतो. तिच्या 'नाही'चा अर्थ मला दुसऱ्याकडून कळणार असेल, तर मी तिला नेऊच शकत नाही."

मी मान खाली घालून बाहेर आले. रागाने नुसती फणफणत होते. राग कसला, तर तिचं बरोबर होतं त्याचा.

बुधवारी मी भार्गवीला घरी जेवायला घेऊन गेले. आमचं घर न्यूनेनला. युट्रेख्टहून आइंडहोवनपर्यंत ट्रेन आणि पुढे बस. वाटेत ती सारखी म्हणत होती, कशाला त्रास, मी घरी खिचडी लावली असती. मी तिच्याकडे नुसतं बघितलं. घरी रवींद्रने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, भरली वांगी केली होती. पोळ्या मी केल्या. आर्या, आमची मुलगी, सोळा वर्षांची, इथेच वाढलेली. तिला मराठी सगळं कळतं, उत्तरं मात्र डचमध्ये. जेवताना मी तिला झालेला प्रकार सांगितला. तिने शांतपणे सगळं ऐकलं आणि विचारलं, की ती नाही म्हणाली आणि त्यांनी तिला पाठवलं नाही, तर यात प्रॉब्लेम काय आहे? रवींद्रला हसू आवरेना.

भार्गवीच्या पानातली पोळी संपली. मी विचारलं, आणखी वाढू? ती म्हणाली, "नको, झालं." मी डबा बंद केला आणि आत नेऊन ठेवला. भाजी? "नको." भाजीही आत गेली. रवींद्र माझ्याकडे बघत राहिला. आमच्या घरात पाहुणा एका पोळीवर उठला, असं लग्नानंतर पहिल्यांदाच घडत होतं, आणि खरं सांगते, माझाच जीव तुटत होता. पोरगी सकाळपासून एका सँडविचवर असणार. पण मीही हट्टाला पेटले होते. आम्ही तिघं जेवत राहिलो आणि ती रिकाम्या ताटापुढे बसून राहिली.

बऱ्याच वेळाने ती खाली बघत म्हणाली, "मला भूक आहे."

"मग?"

"मला अजून दोन पोळ्या हव्यात. आणि वांगं." तिचे डोळे भरून आले होते. मी डबा आणला. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, असं म्हणत तिच्या पानात तीन पोळ्या वाढल्या आणि वर तूप घातलं. तिने सगळं खाल्लं.

पोट भरल्यावर माणूस खरं बोलतो. ताक पिता पिता ती म्हणाली, की जागेचं एक राहू दे, मुळात तळच चुकीच्या ठिकाणी टाकतोय आपण. मी विचारलं, म्हणजे काय? तर म्हणे, हानेकेने तळासाठी उत्तरेचा उतार निवडलाय, सपाट, चालायला सोपा. पण जुन्या मोहिमेतल्या कोणीतरी दक्षिणेच्या कड्याच्या पायथ्यातून उचललेला एक दगड संस्थेच्या कपाटात पडलाय. तिने त्याचा पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. पूर्व घाटात तिने हाताळलेले लाल गार्नेट खनिजाचे दाणे, तीच गुंफण, तीच घडण. डोंगराचा हरवलेला अर्धा भाग दक्षिणेला आहे. उत्तरेला गेलो तर हात हलवत परत येऊ.

हे तुला कधीपासून माहीत आहे, असं मी विचारलं. काही आठवडे, म्हणाली. जागा प्रोफेसरांनी स्वतः निवडलीय, त्यांना चूक कसं म्हणायचं? आणि दक्षिणेचा कडा उभा आहे, दोराने चढावं लागतं.

ते ऐकलं आणि आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. हानेकेला दगड कळत नाहीत असं थोडंच आहे. तिने उत्तर का निवडली, ते आम्हाला त्या टेबलावर एकदमच कळलं. दक्षिणेला तिचा गुडघा चढणार नव्हता. बाकी जगाला फटकन बोलणारी बाई स्वतःशी मात्र खरं बोलत नव्हती, आणि सगळी मोहीम त्या एका गुडघ्याभोवती वळसा घालून चालली होती.

मी भार्गवीला बजावलं. शुक्रवारी स्वतःसाठी जागा माग. दगडाचंही सांग. पण गुडघ्याचा ग सुद्धा काढायचा नाही. ती तुझी प्रोफेसर आहे, तिची शेवटची मोहीम आहे, काही झालं तरी आपली एक रीत असते. भार्गवीने मान हलवली.

शुक्रवारी पाऊस होता आणि सगळे ओल्या जॅकेटांतच येऊन बसले. नॉर्वेचा वाटाड्या पडद्यावर होता. हानेकेने सुरुवात करायच्या आत भार्गवीने हात वर केला. आवाज कापत होता, पण शब्द एकेक सुटा होता. "मंगळवारी मी नाही म्हणाले, ते खरं नव्हतं. मला जायचंय. इतर कशाहीपेक्षा जास्त."

वाउटर गोंधळला. मलाही जायचंय, तो म्हणाला, आणि मी माझी जागा सोडणार नाही. भांडण म्हणून नाही, नुसतं सांगितलं. मी भार्गवीच्या ओठांकडे बघत होते. "राहू दे मग" हे शब्द तिच्या जिभेवर आलेले मला दिसत होते. आपल्याला कोणाचं मन मोडवत नाही ना, तिथेच आपण मरतो. मी टेबलाखाली मुठी आवळल्या. तिने ते शब्द पोटात ढकलले. मग तिने पडद्यावर त्या कापाचा फोटो लावला, शेजारी पूर्व घाटातल्या दगडाचा, आणि तळ दक्षिणेला का हवा ते समजावून सांगितलं. बोलताना तिचा आवाज कापायचा थांबला. वाउटर खुर्ची ओढून पडद्याजवळ गेला आणि डचमध्ये काहीतरी पुटपुटला. त्यालाही पटलं होतं.

हानेके म्हणाली, फोटो सुंदर आहे, पण दक्षिणेला तळ अवघड, कडा उभा आहे. वाटाड्याने पडद्यावरून सांगितलं, की कड्याखाली तळ टाकता येईल, त्याने याहून वाईट जागा पाहिल्यात. फक्त तिघांनाही चढता यायला हवं.

हानेके पडद्यावरच्या फोटोकडे बघत राहिली. तेव्हा भार्गवी बोलली.

"वाउटर चढू शकतो. मी चढू शकते. तुम्ही नाही चढू शकत, प्रोफेसर. मी तुम्हाला रोज जिन्यावर बघते. मला वाउटरची जागा नकोय. मला तुमची हवीय."

मी मनात म्हटलं, संपलं. मी हिला पोळी मागायला शिकवली आणि ही थेट गुरूचं पान उचलून निघाली. वाउटर टेबलाकडे बघत होता. पडद्यावरच्या नॉर्वेजियन बाबाने तर चक्क कॉफीचा मग तोंडासमोर धरला. हानेकेचा चेहरा लाल झाला, मग पांढरा पडला.

"ऑपरेशननंतर डॉक्टरांनी सांगितलं होतं, की डोंगर विसर," ती अखेर म्हणाली. "मी घरीही कोणाला बोलले नाही." मग तिने आमच्या सगळ्यांवरून नजर फिरवली. तुम्हा सगळ्यांना दिसत होतं? वाउटरने मान हलवली. तिने माझ्याकडे पाहिलं. मी खोटं काय बोलणार, हो म्हटलं. मग बोलला का नाहीत, तिने विचारलं. वाउटर म्हणाला, की तू बोलत नव्हतीस म्हणून. मी म्हटलं, मी घाबरले होते. इतक्या वर्षांत त्या खोलीत एवढं सरळ वाक्य मी कधी बोलले नव्हते.

हानेकेने चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि भार्गवीकडे वळली. "तिथे बोटं बधिर झाली तर?"

"लगेच सांगेन."

"भीती वाटली तर?"

"सांगेन."

"मी इथून रेडिओवर चुकीचं काही सांगितलं तर?"

"तेही सांगेन," भार्गवी म्हणाली. "पण रोज संध्याकाळी दगड दाखवून विचारीनही. तुमच्याइतकं त्यातलं कोणाला कळत नाही."

हानेकेने कॉम्प्युटर स्वतःकडे ओढला. आराखड्यातल्या पहिल्या जागेवरचं स्वतःचं नाव तिने स्वतःच्या हाताने काढलं आणि तिथे भार्गवीचं घातलं. उत्तर खोडून दक्षिण केलं. मला म्हणाली, इंधनाचा हिशेब पुन्हा कर आणि संध्याकाळच्या आत पाठवून दे. बाकीचे उठून गेले. मी कागद आवरायच्या निमित्ताने रेंगाळले, कारण मला तिला एकटी सोडवेना आणि काय बोलावं तेही सुचेना. ती खिडकीतून बाहेर बघत बसली होती.

भार्गवी दारापर्यंत गेली होती, ती परत आली आणि खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसली.

"वाईट वाटतंय?" तिने विचारलं.

"हो," हानेके म्हणाली. "खूप."

भार्गवी उठली नाही. थोड्या वेळाने हानेकेने चष्मा पुन्हा घातला, दक्षिणेच्या कड्याचा फोटो पडद्यावर मोठा केला, आणि पहिल्या दिवशी कुठल्या बाजूने चढायचं ते दोघी बघू लागल्या.